पडद्यावरचा साज आणि गळ्यातला साज



तुळशीची लग्ने आटोपली की घरोघरी लग्नसराईचे वेध लागतात. उसाचे बिल बँकेत जमा झाले की कर्त्या बाईच्या मनात पहिला हिशेब येतो तो सोन्याचा. मुलीला साज करायचा की ठुशी, सुनेला पाटल्या की गोठ, आणि सासूबाईंची जुनी बोरमाळ मोडायची की तशीच ठेवायची. पूर्वी यासाठी घरचा सोनार असे. तो सोप्यात येऊन बसे, जुना डाग हातात घेऊन मासे-गुंजांचा हिशेब सांगे, आणि ‘वहिनी, आईंच्या साजासारखाच घाट ठेवतो, काळजी करू नका’ असे म्हणून चहा पिऊन जाई. दोन महिन्यांनी दागिना यायचा. तो कसा झाला आहे हे तो आल्यावरच कळायचे.

आता तसे राहिलेले नाही. कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेऊन गुजरीत शिरावे, तर पुष्कळ दुकानांत काऊंटरवर संगणकाचा पडदा दिसतो. दुकानातला मुलगा त्यावर साजाचे पान फिरवून दाखवतो. पान पुढून दिसते, मागून दिसते, कडेने दिसते, लखलखते. दागिना अजून झालेलाच नसतो, तरी पाहणाऱ्याला तो झाल्यासारखाच वाटतो. इथेच आपल्या बायका फसतात असे मी म्हणणार नाही, पण इथेच त्या घाईने ‘हो’ म्हणतात एवढे खरे. म्हणून पडद्यावरचे चित्र आणि गळ्यातला दागिना यांच्यामध्ये काय काय घडते, ते आज सविस्तर पाहू. ते एकदा समजले की दुकानात कोणता प्रश्न कधी विचारायचा हे आपोआप कळते. सोन्याचा भाव २०२५ साली दहा ग्रॅमला लाख रुपयांच्या वर गेला. या भावात एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला तरी घरातल्या खताच्या पोत्यांचा हिशेब चुकतो.

साजाचेच उदाहरण घेऊ, कारण तो आपला. कोल्हापुरी साजाची पाने एकवीस मानतात. त्यांतली दहा विष्णूच्या दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचे, असे जुनी माणसे सांगतात. मधे जवमणी ओवलेले असतात. चंद्र, कमळ, मासा, कासव, शंख, नाग, बेलपान, कारले, भुंगा, वाघनख अशी ही पाने. हल्ली पाने कमी करूनही साज करतात. प्रत्येक पान लहान असते, पण त्यावर काम बारीक. मासा कोणता आणि कासव कोणते हे हातभर अंतरावरून ओळखू आले पाहिजे, तरच तो साज.

हे पान संगणकावर काढण्याच्या कामाला दुकानातली मंडळी ‘कॅड’ म्हणतात. कागदावर आपण चित्र काढतो ते लांबी-रुंदीचे. संगणकावर जाडीही द्यावी लागते. म्हणजे ते चित्र कमी आणि मूर्ती जास्त. कुंभार चाकावर मडके वर काढतो तसे हे पान रिकाम्या जागेत उभे केले जाते, नंतर त्याला खाचा पाडल्या जातात, खड्याला घर केले जाते, मागून पोकळी ठेवली जाते. यात एक सोय फार मोठी आहे. पानाने किती जागा व्यापली हे संगणकाला नेमके ठाऊक असते, त्यामुळे ते सोन्यात किती ग्रॅमचे होईल आणि चांदीत किती, हे तो धातू वितळण्याच्या आधीच सांगतो. शुद्ध सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, चांदी साडेदहापट. २२ कॅरेटच्या सोन्यात तांबे-चांदीची भेळ असल्याने ते साडेसतरा-अठरापटीच्या आसपास बसते. म्हणून एकाच साच्यातले पान चांदीत हलके लागते आणि सोन्यात हाताला जड लागते.

पण पडद्याची एक खोडही आहे. तो सगळे मोठे करून दाखवतो. दीड सेंटिमीटरचे पान तिथे तळहाताएवढे दिसते, आणि माशाचे खवले मोजता येतात. प्रत्यक्षात ते खवले एवढे बारीक होतात की उजाळा देतानाच निम्मे झिजून जातात. म्हणून आपण सरळ म्हणावे, ‘दादा, हे जेवढे होणार आहे तेवढ्याच मापाचे कागदावर छापून द्या.’ तो कागद गळ्याशी धरून आरशात बघावा. मोठ्या दुकानात असे म्हणायला आपल्या बायकांना संकोच वाटतो, तो सोडावा. साडी घेताना आपण पदर खांद्यावर टाकून बघतोच की.

पसंत पडलेले चित्र धातूत उतरवण्याचे मुख्य मार्ग दोन. एक ओतण्याचा, दुसरा ठशाचा. या दोहोंतला फरक कळला की निम्मे काम झाले.

ओतण्याचा मार्ग आधी घेऊ. तो कोल्हापूरकरांना समजावायला सोपा, कारण आपल्याकडे घरटी नाही तरी गल्लीटी एक माणूस फौंड्रीत आहे. शिरोलीत, उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावात जाणाऱ्या कोणालाही विचारा. इंजिनाचा भाग ओतायचा तर आधी लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न करतात, तो वाळूत दाबतात, अलगद बाहेर काढतात, आणि जी पोकळी राहते तिच्यात रस ओततात. थंड झाल्यावर वाळू मोडायची. पॅटर्न मात्र मूळ मापापेक्षा थोडा मोठा ठेवायचा, कारण धातू निवताना आकसतो. दागिन्याचेही शास्त्र हेच. फरक इतकाच, की साजाच्या पानाला मागेपुढे इतक्या खाचाखोचा असतात की पॅटर्न वाळूतून काढताच येणार नाही. म्हणून तो मेणाचा करायचा आणि बाहेर काढण्याऐवजी जाळूनच टाकायचा.

ही युक्ती नवीन नाही. मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तिकेची मूर्ती अशीच मेण घालवून ओतलेली आहे, आणि तिला चार हजारांहून जास्त वर्षे झाली. आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबाद येथे १९७४ साली झाडाची मुळे खणताना धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. खणणारी साधी माणसे होती, आणि सापडलेल्या वस्तूंचे वजन साठ किलोच्या घरात. जनावरे अशी ओतीव करण्याची विद्या आपल्या मातीत किती जुनी आहे याचा तो पुरावा. नंतर ही विद्या मूर्तिकारांकडे राहिली. दागिन्यांच्या कारखान्यांत ती पुन्हा आली ती दाताच्या वैद्यकामुळे, हे वाचून गंमत वाटेल. विल्यम टॅगार्ट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ साली दातात बसवायचे सोन्याचे तुकडे मेणावरून ओतण्याची पद्धत जाहीर केली, आणि पुढे जवाहिऱ्यांनी ती उचलली.

मेणाचे पान पूर्वी हाताने कोरावे लागे. आता संगणकातले पान थ्रीडी प्रिंटर नावाचे यंत्र तयार करते. दात भरताना डॉक्टर निळा दिवा लावून मसाला घट्ट करतात, ते पुष्कळांनी पाहिले असेल. तसेच हे. एका ताटलीत पातळ रेझिन असते. त्यावर खालून किंवा वरून प्रकाश पडतो आणि जिथे पडतो तिथे ते घट्ट होते. एक थर झाला की दुसरा. एक थर पंचवीस मायक्रॉनचा धरला, तर आपल्या केसाच्या जाडीत असे दोन-तीन थर मावतील. दीड सेंटिमीटर उंचीच्या पानाला सहाशे थर लागतात. म्हणून यंत्र असले तरी काम तासांचे आहे. या तऱ्हेच्या पहिल्या यंत्राचे पेटंट चार्ल्स हल या अमेरिकन इंजिनिअरला १९८६ साली मिळाले. दागिन्यांच्या धंद्यात ते यायला मधे बरीच वर्षे गेली.

यंत्रातून निघालेले पान हिरव्या, निळ्या किंवा जांभळ्या रंगाचे, प्लॅस्टिकसारखे दिसते. बाळीसारख्या किंवा अंगठीसारख्या एकाच नगाचे काम असेल तर हेच पान पुढे जळायला जाते. पुष्कळ नग हवे असतील तर आधी त्यावरून धातूचा एक नमुना करतात, त्यावरून रबराचा साचा करतात, आणि त्या साच्यात पातळ मेण दाबून हवी तेवढी मेणाची पाने काढतात. रबराचा साचा दोन फाकांचा, आंब्याची फोड उघडावी तसा उघडतो. या साच्याबद्दल पुढे एक गोष्ट सांगायची आहे.

आता ही पाने मेणाच्याच एका दांड्याला चोहोबाजूंनी चिकटवतात. दांडा म्हणजे खोड, पाने म्हणजे फांद्या, आणि या सगळ्याला कारागीर म्हणतातही झाडच. आकाराप्रमाणे एका झाडाला पाच-पंचवीसपासून शंभरापर्यंत नग लागतात. झाडाचे वजन करून हिशेब होतो. मेणाच्या वजनाच्या दहापट चांदी, किंवा सतरा-अठरापट २२ कॅरेटचे सोने, शिवाय खोडासाठी वेगळे. झाड लोखंडी नळकांड्यात उभे करून भोवती प्लॅस्टरसारखी पांढरी पूड पाण्यात कालवून ओततात आणि त्यातली हवा यंत्राने शोषून काढतात. हवेचा बुडबुडा पानाला चिकटून राहिला तर त्या जागी सोन्याचा फोड येतो.

मग भट्टी. नळकांडे उलटे ठेवून रात्रभर हळूहळू तापवतात. आधी मेण वितळून गळते, मग राहिलेले जळते. शेवटी उष्णता सातशे डिग्रीच्या वर नेतात. इथे घाई चालत नाही. एकदम तापवले तर पांढरे प्लॅस्टर तडकते, आणि कमी तापवले तर रेझिनची राख आत राहते व सोन्यात बारीक भोके पडतात. फौंड्रीवाल्यांना हे ब्लो होल चांगले ठाऊक आहेत. सकाळी मुशीत धातू वितळवतात. शुद्ध चांदी ९६१ डिग्रीला पाणी होते, शुद्ध सोने १०६४ डिग्रीला. तापलेल्या नळकांड्यात तो रस ओतला की खालून हवा ओढून, नाहीतर यंत्र गरगर फिरवून, रस पानाच्या टोकापर्यंत पोचवतात. काही सेकंदांचे काम. मग नळकांडे पाण्यात बुडवायचे. चर्र आवाज होतो, प्लॅस्टर विरघळल्यासारखे सुटते आणि हातात सोन्याचे झाड येते. पण ते झाड दिसायला सुंदर नसते. काळपट, मंद, शेवग्याच्या वाळक्या फांदीसारखे. पडद्यावरच्या लखलखाटाशी त्याचा काही संबंध नाही.

इथून पुढे पुन्हा माणसाचा हात. पाने कापायची, देठाची जागा कानशीने घासायची, कड्या झाळायच्या, खडे बसवायचे, उजाळा द्यायचा, रिठ्याच्या पाण्यात ब्रशाने धुवायचे. खोड परत मुशीत जाते. कानशीचा कीस, पॉलिशची धूळ, हात धुतलेले पाणीसुद्धा फेकत नाहीत. सोनारआळीत जमिनीची धूळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत, ते उगीच नव्हे. संगणकाने चित्र कितीही नेमके काढले तरी या शेवटच्या हातावरच दागिन्याचे तेज ठरते. एकाच झाडाची दोन पाने दोन कारागिरांकडे द्या, दोन वेगळी होऊन येतील.

आता मुख्य मुद्दा. आपला साज या मार्गाने करायचा का? माझे मत विचाराल तर, शक्यतो नाही. कारण हिशेबाचे आहे. पान एक चौरस सेंटिमीटर आकाराचे आणि दीड मिलिमीटर जाडीचे धरा. भरीव ओतले तर त्यात सुमारे अडीच-पावणेतीन ग्रॅम सोने बसते. एकवीस पानांचे पंचावन्न ग्रॅमच्या पुढे गेले! तेच पान सोन्याच्या पातळ पत्र्याचे, समजा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतक्या पत्र्याचे, पोकळ करून आत लाख भरली तर कडेच्या भिंती धरून एकवीस पानांचे अकरा-बारा ग्रॅममध्ये भागते. दिसायला दोन्ही सारखेच. जुन्या सोनारांनी हा साज लाखेवर केला तो उगाच नाही. कमी सोन्यात भरगच्च दागिना, आणि पोकळ पानाला आतून लाखेचा आधार, म्हणजे चेपायचे भय कमी. ओतीव कामात एवढी पातळ भिंत होतच नाही, कारण रस टोकापर्यंत पोचायच्या आधीच गोठतो. मागून पोकळ ठेवले तरी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची जाडी ठेवावीच लागते.

म्हणून साजाला, बोरमाळेला, मोहनमाळेला, पुतळ्यांना दुसरा मार्ग. तो ठशाचा. पोलादाच्या ठोकळ्यात पान उलटे कोरलेले असते, त्यावर पत्रा ठेवून ठोकला की पान उमटते. दोन बाजू झाळून जोडायच्या, भोकातून लाख भरायची, भोक बंद करायचे. पूर्वी हा ठसा कोरणारा माणूस वेगळाच असे, आणि एक ठसा कोरायला त्याला पुष्कळ दिवस लागत. चुकला तर ठोकळा वाया. आता संगणकातले तेच चित्र सीएनसी यंत्राला देतात आणि यंत्र पोलाद कोरते. म्हणजे डिजिटल चित्र इथेही आले, पण त्याने दागिना न करता दागिन्याचे हत्यार केले. यात साजाचा हलकेपणा राहतो आणि रेघही स्वच्छ येते. मला हा मेळ जास्त पटतो.

मग ओतीव काम कशासाठी चांगले? अंगठी, कुडी, पेंडंट, खड्यांचे काम, आणि जिथे दणकटपणा हवा तिथे. आणखी एका कामासाठी ते फारच चांगले. भांगलायला गेल्यावर जोडीतली एक बुगडी सरीत पडते आणि मग सापडत नाही. आजीच्या कानातली ती बुगडी, आता तसा घाट कोणी करत नाही, म्हणून उरलेली एक डब्यात पडून राहते. अशी एक बुगडी घेऊन गेलात तर तिची मापे घेऊन संगणकावर ती उभी करता येते, आणि आरशात दिसते तशी उलटी करून दुसऱ्या कानाची करता येते. डाव्याचे उजवे करण्यात हाताने काम करणाऱ्याची कसोटी लागते, संगणकाला ते एका बोटाचे काम. असे काम देताना जुनी बुगडी दुकानात ठेवण्यापूर्वी तिचे वजन पावतीवर लिहून घ्यावे.

कोणत्याही मार्गाने जा, एक क्रम लक्षात असू द्यावा. पडद्यावरचे पान बदलायला फक्त वेळ लागतो. रेझिनचे पान बदलायचे तर ते पुन्हा छापावे लागते, त्याला थोडा खर्च येतो. सोन्यात उतरल्यावर बदलायचे म्हणजे मोड. त्यात घट जाते, घडणावळ दुसऱ्यांदा पडते, आणि तोंड वाईट होते ते वेगळेच. म्हणून जे काय बोलायचे ते सोने वितळण्यापूर्वी. रेझिनचा नग तयार झाला की फोन करा असे सांगून ठेवावे आणि जाऊन बघून यावा. अंगठी असेल तर बोटात घालून पाहावी. उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवसांत बोटे सुजतात, थंडीत सकाळी बारीक असतात, म्हणून दुपारी जावे. पेंडंट असेल तर दोऱ्यात ओवून गळ्यात धरावे. बुगडी असेल तर जुनीच्या शेजारी ठेवून बघावी. ठशाच्या कामात हा नग नसतो, तिथे तांब्याच्या पत्र्यावर ठसा मारून एक पान दाखवा म्हणावे.

वजन विचारताना ‘साधारण इतके’ हे उत्तर घेऊ नये. संगणकाने आकडा दिलेलाच असतो. तो लिहून द्या म्हणावे, आणि तयार दागिना त्यापेक्षा किती कमी-जास्त भरला तर चालेल तेही आधी ठरवावे. ओतीव कामात थोडा फरक पडतो, तो मान्य करावा लागतो. लाखेच्या दागिन्यात लाखेचे वजन वेगळे आणि सोन्याचे वेगळे असे दोन आकडे हवेत. लाखेला सोन्याचा भाव देणारे आपणच असतो, बँक देत नाही. पेरणीच्या वेळी हाच साज तारण ठेवायला नेला की मूल्यांकन करणारा लाख आणि खडे वजा करूनच आकडा काढतो, आणि मग घरात वाद होतात. तोळा म्हणजे किती तेही विचारावे. आजेसासूच्या काळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. जुन्या वहीत ‘साडेतीन तोळे’ लिहिलेले असेल तर काट्यावर ते जवळजवळ एकेचाळीस ग्रॅम भरले पाहिजे.

आणि तो रबराचा साचा. तो दुकानात राहतो. पोलादाचा ठसाही राहतो, आणि संगणकातले चित्र तर राहतेच. आपण आजीच्या साजावरून खास पान करून घेतले, आणि पुढच्या सराईत तेच पान तिसऱ्याच्या गळ्यात दिसले, तर नवल वाटून घेऊ नये. दुकानदाराने त्यात काही वाईट केले असेही नाही, कारण ठसे दुकानात ठेवण्याची रीत जुनीच आहे. पण आपल्याला ते नको असेल तर चित्र काढण्यापूर्वी तसे सांगावे, आणि त्यासाठी काही जास्त द्यावे लागत असेल तर तेही तेव्हाच बोलून घ्यावे.

सोन्यावरून थोडे चांदीकडे वळू, कारण आपल्या जिल्ह्यात चांदी म्हटली की हुपरी. हातकणंगले तालुक्यातले हे गाव आणि रेंदाळ-यळगूडसारखी शेजारची गावे चांदीवर जगतात. पैंजण, तोरड्या, जोडवी, करदोटे हा माल तिथून परपेठेला, म्हणजे देशभरच्या बाजारांत, जातो. तिथले काम एका छपराखाली होत नाही. एका घरी आटणी, दुसऱ्या घरी तार, तिसऱ्याकडे ठसेकाम, कुठे घुंगरू, कुठे जोडणी, कुठे मीना, कुठे उजाळा. पैंजणाची साखळी जोडणाऱ्या बहुतेक बाया घरचा स्वयंपाक, जनावरे सांभाळून दुपारच्या वेळात ते काम करतात. शेतीला जोडधंदा म्हणून याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

तिथेही संगणकाची चित्रे आणि यंत्रावर कोरलेल्या डाय आल्या, तेव्हा बायकांच्या हातचे काम जाणार का, ही शंका साहजिक आहे. मला दिसते ते असे. ठसा कोरणाऱ्याचे काम यंत्राने घेतले, ते परत येणार नाही. साखळी करणारी यंत्रे आली, तिथेही हात कमी झाले. पण झाळणे, जुळवणे, घुंगरू बसवणे, मीना भरणे, उजाळा देणे या कामांत अजून यंत्रापेक्षा बोटे स्वस्त आणि शहाणी आहेत. त्या बोटांना मजुरी वजनावर मिळते, नक्षीच्या बारकाव्यावर नाही, हे मात्र खटकते. संगणकाच्या चित्रामुळे नक्षी जितकी बारीक होते तितके जोडणीचे काम वाढते, आणि किलोमागे दर तोच राहतो. कॅड करणाऱ्याला एका चित्राचे पैसे मिळतात, तेच चित्र हजार पैंजणांत जोडणारीला मात्र चांदीच्या वजनाने. दर ठरवताना याचा विचार व्हायला हवा, आणि तो बायकांनीच बोलून दाखवल्याशिवाय होणार नाही.

बारावी झालेली मुले-मुली या कामात जाऊ शकतील का, हे पालकांनी जरूर पाहावे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी ही संस्था दागिन्यांचे संगणकी आरेखन शिकवते. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सुरू झालेल्या अंधेरीच्या सीप्झमध्ये पुढे दागिन्यांचे कारखाने आले, तिथेही ही मुले लागतात. कॅडचे वर्ग छोट्या शहरांतही निघाले आहेत. त्यांतल्या कोणत्याही वर्गाला पैसे भरण्याआधी एवढेच विचारावे की मुलाने काढलेले चित्र शेवटपर्यंत धातूत उतरवून दाखवतात का. नुसते पडद्यावर शिकलेला मुलगा अशी भिंत काढतो की ती ओतताच येत नाही, किंवा खड्याला असा दाता काढतो की तो वाकवताना तुटतो. ज्याने घरी आईला पैंजण जोडताना पाहिले आहे, कानस कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे चित्र कारागीर परत पाठवत नाही. हुपरीच्या पोरांना ही शाळा घरातच मिळाली आहे.

शेवटी हॉलमार्कचे. चित्र संगणकाचे असो की हाताचे, सोन्याचा कस त्यावरून कळत नाही. सोन्याच्या दागिन्यावर तीन खुणा पाहाव्यात: भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, २२ कॅरेटसाठी ‘९१६’ असा शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून या सहा अक्षर-अंकांशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो, आणि ‘बीआयएस केअर’ हे ॲप मोबाईलवर घेऊन त्यात घातला की दागिना कुठला, किती कसाचा हे दिसते. घरातल्या शिकलेल्या पोराला दुकानातच ते पाहायला सांगावे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला, म्हणजे चमकी किंवा लहान कुडीला, ही सक्ती नाही, त्यामुळे तिथे खूण नसली म्हणून भांडू नये. चांदीसाठी एचयूआयडीची पद्धत १ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. पैंजण घेताना तसा मागून पाहायला हरकत नाही. बिलावर दागिन्याचे वर्णन, सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कची फी वेगळी लिहिलेली असावी. शंका आलीच तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात फी भरून कोणालाही आपला दागिना तपासून घेता येतो.

लाखेचा साज घरी धुताना गरम पाणी का वापरू नये आणि लाख सुटली तर काय करावे, हे पुढच्या अंकी.